पाळण्यातून गेलेल्या मुलाचा माग कसा काढायचा

आजीच्या पेटीत चांदीचा एक वाळा होता. जोडीतला एकच. हलवला की आतला खडा बारीक वाजायचा. कुणाचा म्हणून विचारलं की आजी म्हणायची, "सासूबाईंनी ठेवायला दिला. ह्यांच्या आधीच्या पोरीचा." नाव विचारलं तर म्हणायची, "नाव कुठलं ठाऊक असायला? सासूबाईंनी कधी घेतलंच नाही." आणि पेटी बंद.

घरच्या वंशावळीत आजोबा 'थोरले' होते. त्यांच्या आधी कुणी नव्हतंच. मग चुलतभावाला कुणबी दाखल्यासाठी जुनी नोंद हवी झाली. त्यानं तालुक्याच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, एका पानाची नक्कल काढली आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. त्याचं सगळं लक्ष जातीच्या रकान्यावर, माझं वयाच्या. पणजोबांच्या नावापुढे मोडीत लिहिलेलं: मुलगी, वय ४, ताप, माहे आक्टोबर सन १९१८.

त्यानंतर नात्यागोत्यातल्या दोन-तीन घरांसाठी मी असेच शोध घेतले. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहिते. सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावावर बहुधा कागद नसतो. शाळेचा दाखला नाही, लग्नपत्रिका नाही, सातबारा नाही. म्हणून त्याला त्याच्या नावानं शोधू नका. बापाच्या नावानं शोधा, आईच्या माहेरी शोधा आणि भावंडांच्या जन्मसालांमध्ये जिथं मोठी फट दिसते तिथं शोधा.

आधी म्हाताऱ्या बायका

पुरुषांना विचारून फारसं मिळत नाही. आत्या, चुलत आजी, आजीची धाकटी जाऊ यांना विचारा. प्रश्नही नीट हवा. "तुमच्या सासूबाईंना मुलं किती?" असं विचारलंत तर जगलेल्यांची संख्या सांगतील. "बाळंतपणं किती झाली?" म्हटलंत की उत्तर बदलतं. "झाली नऊ, हाताला लागली पाच." हे वाक्य मी जवळपास याच शब्दांत तीन घरांत ऐकलं. मग एकेकाचं विचारायचं: अंगावर पीत होतं का, चालायला लागलं होतं का, बारसं झालं होतं का, पुरलं कुठं? 'पुरलं कुठं' हा प्रश्न कठोर वाटतो, पण त्यातून गाव कळतं, आणि गाव कळलं की कोणतं दप्तर उघडायचं ते ठरतं.

साल कुणी सांगत नाही, सांगितलं तर बहुधा चुकतं. त्याऐवजी तेव्हा काय चाललं होतं ते विचारा. 'गाठीच्या तापात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिलो' म्हणजे प्लेग. तो १८९६ मध्ये मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात फैलावला आणि नंतर कितीतरी वर्षं गावोगाव येत राहिला. त्यामुळे नुसत्या 'प्लेगात गेलं' वर साल ठरवू नका. 'मानमोडीत गेलं' म्हणजे मात्र बहुधा १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, आणि आपल्याकडे तिचा खरा तडाखा सप्टेंबर ते नोव्हेंबरातला. पुढच्या काळासाठी खुणा सोप्या आहेत: गांधीवध (३० जानेवारी १९४८), मराठवाड्यात पोलीस ॲक्शन (सप्टेंबर १९४८), पुण्यात पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), आणि सगळीकडे बहात्तरचा दुष्काळ.

एक सांभाळा. जिचं मूल गेलं ती आई हयात असेल तर वही-पेन काढून समोर बसू नका. तिच्या हातात निवडायला भाजी असावी, तुमच्याही. आणि ती नको म्हणाली तर नको.

नावं आणि देवघर

कागदाकडे जाण्याआधी घरातल्या जगलेल्या मुलांची नावं वाचून काढा. धोंडू, दगडू, कचरू, केरू, भिकू, उकर्डा. अशी नावं हौसेनं ठेवलेली नसतात. आधीची मुलं राहिली नाहीत की पुढच्याला दृष्ट लागू नये, काळाला ते टाकाऊ वाटावं, म्हणून दगडाधोंड्याचं, केरकचऱ्याचं नाव ठेवत. भिकू म्हणजे भीक मागून मिळवलेला. नथू म्हणजे मुलगी समजून सोडून द्यावं म्हणून ज्याच्या नाकात नथ घातली तो. पणजोबांच्या भावंडांत मध्येच एखादा कचरू दिसला तर त्याच्या आधी एक-दोन मुलं गेली असण्याची शक्यता धरून चाला. नुसती शक्यताच, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे आणि कचरूचा नातू कचरू हा फक्त आजोबाचं नाव चालवत असेल.

उलटी भानगडही होते. गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला ठेवलेलं असतं. मग एका नावाच्या दोन जन्मनोंदी सापडतात आणि माणसं 'तारीख चुकली' म्हणून पहिली सोडून देतात. ती सोडू नका.

देवघरातले टाक, म्हणजे देवांच्या आणि पूर्वजांच्या नावानं घडवलेले छोटे पत्रे, मोजा. खंडोबा, भवानी, ज्योतिबा ओळखीचे असतात, पण एखादा टाक कुणाचा ते कुणालाच सांगता येत नाही. शेताच्या बांधावर किंवा पिंपळाखाली शेंदूर लावलेला 'मुंजा' असेल तर तो कुणाचा, ते भावकीतल्या जुन्या माणसाला विचारा. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो असा समज आहे, आणि काही मुंजे नुसते लोकसमजुतीतले नसतात, घरातलेच कुणीतरी असतात. काही घरांत पितृपक्षातल्या त्रयोदशीला लहान गेलेल्यांच्या नावानं पान वाढतात. ते पान कुणासाठी, तेही विचारून ठेवा. अगदी तान्हं मूल मात्र यात कुठंच सापडणार नाही. त्याला बहुतेक घरांत अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि त्याचं श्राद्धही घालत नाहीत.

रिकाम्या जागा

एका कागदावर आई, बाप, लग्नाचं साल आणि जगलेली सगळी मुलं जन्मसालासकट लिहा. दोन-अडीच वर्षांच्या अंतरानं चाललेली रांग मध्येच पाच वर्षं थांबली असेल तर तिथं पेन्सिलीनं गोल करा. लग्न, म्हणजे खरं तर मुलगी नांदायला आली ते साल, आणि पहिलं जगलेलं मूल यांतही असंच अंतर पाहा. माझ्या पणजीच्या बाबतीत ते आठ वर्षांचं होतं आणि आम्ही कुणी ते कधी मोजलंच नव्हतं.

इथं एक खड्डा आहे. जन्मतारखा शाळेच्या दाखल्यावरून घेतल्या असतील आणि त्यातल्या अर्ध्या '१ जून' असतील, तर त्या गुरुजींच्या आहेत, मुलांच्या नाहीत. शाळेत घालायचं वय बसावं म्हणून तारीख ठोकून दिलेली असते. साल एक-दोन वर्षं मागं-पुढं धरा.

कोतवाल बुक

आता मुख्य काम. गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही म्हणजे जन्म-मृत्यू रजिस्टर, गाव नमुना नंबर १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात ही दप्तरं मोठ्या प्रमाणावर बाहेर निघाली, स्कॅन झाली आणि बऱ्याच जिल्ह्यांनी आपल्या संकेतस्थळांवर तालुका-गाव लावून टाकली. म्हणून आधी घरबसल्या जिल्ह्याचं संकेतस्थळ पाहा. तिथं नसेल तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करा. गाव, नोंदीचा प्रकार, बापाचं पूर्ण नाव आणि सालांची मर्यादा लिहा. '१९१० ते १९२० मृत्यू' असं लिहिलंत तर काम होतं. 'आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी' असं लिहिलंत की अर्ज टेबलावरच राहतो.

पान हातात आल्यावर काय दिसेल? जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतंच. जन्म कळवला जाई तेव्हा बारसं व्हायचं असे, म्हणून बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी, एवढंच. मृत्यूच्या नोंदीतही लहान मुलापुढे कित्येकदा फक्त 'अमुक यांची मुलगी'. पुढे वय आणि कारण. कारणांचे साचे ठरलेले: पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा, आणि मग 'इतर'. यातल्या 'ताप' या शब्दावर विसंबू नका. न्यूमोनिया, हिवताप, विषमज्वर, मानमोडी, सगळं त्यात जाई. नोंद करणारे गावचे पाटील-कुलकर्णी होते, डॉक्टर नव्हते. पण त्याच पानावरच्या वरच्या-खालच्या ओळी वाचा. आमच्या मुलीच्या पानावर त्या एका महिन्यात बावीस नोंदी होत्या आणि त्यातल्या एकोणीस 'ताप'. आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यात तीन. साथ होती हे कुणी वेगळं सांगायला लागलं नाही.

नोंद सापडली नाही म्हणजे मूल नव्हतं, असं नाही. पाने गहाळ असतात, वाळवी लागलेली असते, आणि प्लेगच्या दिवसांत घराची झडती होईल, माणसांना छावणीत नेतील या भीतीनं मृत्यू लपवलेही गेले. मराठवाड्याची गोष्टच वेगळी. निजामाच्या राज्यातली दप्तरं उर्दूत आणि मोडीत, सालं फसली सनातली, म्हणजे तिथल्या महसुली वर्षांची. तिथं वाचणारा माणूस आधी गाठा, मग दप्तर.

१ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा लागू झाला. गावात नोंद ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत. तिथं कायद्याच्या कलम १७ खाली शोध मागता येतो आणि नोंद नसेल तर तसा अनुपलब्धता दाखला मिळतो. तो घेऊन ठेवा, पुढच्या दप्तरात उपयोगी पडतो. मृत्यूच्या उताऱ्यात कारण मात्र मिळणार नाही, ते उघड करायला याच कलमानं मनाई आहे. एका दिवसाचं बाळ असेल तर जन्माचीही नोंद पाहा आणि मृत्यूचीही. जन्मतःच मृत असेल तर त्याची नोंदवही वेगळी असते, आणि तिच्याबद्दल विचारायचंच बहुतेकांना सुचत नाही.

आईचं माहेर

शोध इथंच सगळ्यात जास्त वेळा अडतो. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे पहिलं मूल बापाच्या गावच्या वहीत जन्मलेलंच नसतं, आणि आठ-दहा दिवसांत गेलं असेल तर मेलेलंही नसतं. दोन्ही नोंदी आजोळच्या गावच्या वहीत, तिथल्या तालुक्यात.

म्हणून आईचं माहेर आधी पक्कं करा. सासरी तिचं नावच बदललेलं असतं, कित्येकदा माहेरचं नाव तिच्या नातवंडांनाही माहीत नसतं. लग्नपत्रिका, आहेराची यादी, भाऊबीजेला कुठल्या गावाहून माणूस यायचा ही आठवण, मामाच्या घरचं आडनाव. सापडेल ते धरा.

आणि जरा धीरानं वाचा अशी एक गोष्ट. मृत्यूच्या वहीत मुलाच्या आसपास, आठ-पंधरा दिवस आधी किंवा नंतर, त्याच घरातल्या बाईची नोंद आहे का ते पाहा. असेल तर बाळंतपणात दोघंही गेली असतील आणि तुमचे पणजोबा बिजवर असतील. म्हणजे ज्या बाईला तुम्ही पणजी म्हणत आलात ती त्या मुलाची आई नाही. एका ओळखीच्या घरात हे असंच निघालं. एका तान्ह्या मुलाच्या नोंदीमुळे पणजोबांची पहिली बायको कळली, तिचं गाव कळलं, आणि 'त्या गावचे लोक आपल्याकडे लग्नाला का येतात' हे कोडंही सुटलं. शंभर वर्षं येत होते. कारण दोन्हीकडच्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

सातबारा आणि फेरफार

बाप आधी गेला आणि मूल नंतर, असं असेल तर नशीब चांगलं समजा, कारण मग मुलाचं नाव जमिनीला लागलेलं असतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यापासून सुरू झाली. वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीत, मुलांची नावं येतात आणि अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलापुढे लिहिलेलं असतं: अ.पा.क. आई अमुक. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. एका ओळीत मुलाचं नाव, त्याचं अज्ञान असणं आणि आईचं नाव, तिन्ही. मग पुढचे फेरफार क्रमानं पाहत जा. एखाद्यात ते नाव कमी केलेलं दिसेल (सातबाऱ्यावर त्याला कंस होतो), शेरा 'मयत', वारस आई किंवा भाऊ. दोन फेरफारांच्या तारखांमध्ये कुठंतरी ते मूल गेलं.

जुने फेरफार आणि सातबारे महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे आहेत. आजच्या सातबाऱ्यावर खाली जुने फेरफार क्रमांक असतात, त्यांवरून एकेक पायरी मागं जायचं. हे चिकाटीचं काम आहे, सोबत चहा ठेवा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि इतर दप्तरं

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांकडे गाव आणि आडनावावरून लावलेल्या नामावळ्या असतात. यात्रेला गेलेला माणूस त्यात स्वतःच्या हातानं बायको, भाऊ, मुलं लिहून येई. एका यात्रेत नाव आहे आणि पुढच्या यात्रेत नाही, एवढ्यावरही दहा वर्षांची चौकट मिळते. जाताना आडनाव, मूळ गाव आणि निदान पणजोबांपर्यंतची नावं घेऊन जा. दक्षिणा ठेवा, घासाघीस करू नका.

कोकणस्थ-देशस्थ घराण्यांची कुलवृत्तान्ताची पुस्तकं छापलेली असतात. 'अल्पवयात निवर्तला' असा शेरा त्यात मुलांपुढे मिळतो. मुलींना मात्र बहुतेक ठिकाणी जागाच दिलेली नाही.

वसई, रेवदंडा आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांचं काम तुलनेनं सोपं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तान्ह्या मुलाचंही नाव असतं, आईबापांचं असतं, धर्ममातापित्यांचंही असतं. गोव्याची जुनी दप्तरं पणजीच्या पुराभिलेख खात्यात पाहायला मिळतात, पण ती पोर्तुगीजमध्ये.

मोडी आणि सालं

मोडी येत नसेल तर वाचक गाठा, पण एकाच्या वाचनावर थांबू नका. दोघांना वेगवेगळं वाचायला द्या आणि पहिल्यानं काय वाचलं ते दुसऱ्याला सांगू नका. आमच्या पानावर एकानं वय '४' वाचलं, दुसऱ्यानं '५', आणि मग त्याच पानावरच्या तारखांतले आकडे शेजारी ठेवून '४' पक्कं झालं. शिवाय 'कुणबी नोंद हमखास काढून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. नक्कल स्वतः घ्या, शिक्क्यासकट.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र तिथी जानेवारी ते फाल्गुन अखेरची असेल तर ७९. फसलीत ढोबळमानानं ५९०. घरच्या जुन्या पोथीच्या कोऱ्या पानावर कुणी जन्मवेळ टिपून ठेवली असेल तर ती तिथीतच असणार, म्हणून हे लागतं.

हे आपलंच मूल कशावरून?

त्याच गावात त्याच नावाचा दुसरा बाप असू शकतो, आणि भावकीत तर असतोच. म्हणून निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय वंशावळीत नाव घालू नका: बापाच्या बापाचं नाव, वाडी किंवा आळी, भावंडांमधली ती रिकामी जागा, घरात ऐकलेली साथीची आठवण. यातलं काय कागदावर आहे आणि काय ऐकीव, ते वेगवेगळ्या शाईनं लिहा. आणि नाव सापडलं नाही तर आपल्या मनानं एखादं ठेवू नका. पुढच्या पिढीतला कुणी तेच खरं धरून दप्तरात शोधत बसेल.

आमच्या वंशावळीत मी चौकट काढली: 'मुलगी. नाव नोंदलेलं नाही. जन्म अंदाजे १९१४, बहुधा आजोळी. मृत्यू आक्टोबर १९१८, ताप.' शेजारी आजोबांच्या नावापुढचं 'थोरले' खोडलं आणि 'दुसरे' लिहिलं. चुलतभावाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. जात पडताळणीसाठी त्यानं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आदल्याच आठवड्यात करून घेतलं होतं, त्यात आजोबा थोरलेच होते.

"आता काय करायचं?" म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "करतो परत. स्टॅम्प गेला, जाऊ दे. तिचं नाव काय लिहायचं म्हणालीस?"